उसात दिनकरचा शोध

आमच्या घराण्यात आजवर कुणी ओरडलेले नाही. बाबा इतके हळू बोलत, की रिक्षावाल्याला पत्ता सांगायलाही आई लागायची. मी ग्रंथपाल. माझ्या टेबलावर 'शांतता राखा' ही पाटी नसती, तरी लोकांनी माझा चेहरा बघून ती वाचली असती.

बाबा वारले आणि आईचा आवाजही त्यांच्याबरोबर गेला. 'हो', 'नको', 'जेवून घे', दिवसभरात एवढेच. मी तिला ध्यानाला बसवले. (पुस्तकात वाचून. दुसरे काय येते मला!) एकदा ती म्हणाली, "डोळे मिटले की ते दिसतात. उघडले की त्यांची खुर्ची." पुन्हा गप्प. एक दिवस 'जेवून घे'सुद्धा थांबेल, अशी मला भीती वाटू लागली.

तेव्हा सुधामावशी अवतरली.

"ध्यानबीन सोड गं! मोकळ्या रानात जायचं आणि पोटातून ओरडायचं. आमच्या भिशीतल्या बायका जातात. काय हलकं वाटतं!"

"मावशी, लोक काय म्हणतील?"

"रानात कुठले आलेत लोक?"

रविवारी सकाळी मावशीने आम्हा मायलेकींना गाडीत घातले आणि गिरणारे गावाच्या पुढे एका उसाच्या शेताशी गाडी थांबवली. (त्या भागात बिबट्या फिरत होता. बातमी पहिल्या पानावर होती. मी पेपरातली फक्त पुस्तक-परीक्षणे वाचते!) आधी मावशी ओरडली. बरी ओरडली, दोन बगळे उडाले. मग म्हणाली, "ताई, आता तू."

आईने चपला काढल्या. पदर खोचला.

"दिनकर! कुठे गेलास रे!"

दिनकर म्हणजे बाबा! जन्मभर आईने त्यांना 'अहो' म्हटले. नाव घेतले ते फक्त उखाण्यात, तेही लाजत. तो आवाज उसावरून गेला, टेकडीवर आदळला आणि परत आला. एवढ्याशा बाईने एवढा आवाज इतकी वर्षे ठेवला कुठे होता? धरणाच्या भिंतीला टेकून मी आयुष्यभर नळाचे पाणी पीत बसले होते.

"दिनकर! ये ना रे!"

उसापलीकडे डबे वाजू लागले. मग काठ्या, कोयते, दोन कुत्री आणि वीस-पंचवीस माणसे धावत आली. पुढे एक टोपीवाले आजोबा.

"कुणीकडं नेला?"

"कुणाला?" मी विचारले.

"दिनकरला! बिबट्यानं कुणीकडं नेला पोराला? केवढा हाय?"

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणाले. (खरे बोलायची सवय वाईट.)

तोवर चौघे उसात शिरलेही होते! "दिनकर, ओ दे रं!" "घाबरू नको, आलो आम्ही!" चहूकडून बाबांना हाका. उभ्या आयुष्यात त्यांना इतक्या मोठ्याने कुणी बोलावले नव्हते. थांबवायला हवे होते, पण माझे "अहो, ऐका ना" पहिल्या सरीपर्यंतही पोचेना.

शेवटी आईच गरजली. "अरे, बाहेर या सगळे! नवरा होता तो माझा. दिवाळीआधी गेला, घरातच, झोपेत. बिबट्याचा काही दोष नाही!"

डबे थांबले. आता मार बसणार, असे मला वाटले. आजोबांनी टोपी काढली.

"मंग वरडा बाई मनाजोगतं," ते म्हणाले. "आम्ही हाय हितं. बिबट्या येत नाय."

आई ओरडली, रडली. मग बायकांनी तिला बांधावर बसवले आणि ती बोलू लागली. बाबांची पथ्ये, बाबांचे घोरणे, बाबांचा रिक्षावाला. बायका हसत होत्या, आई हसत होती, आणि मी देवळात उभी असल्यासारखी बघत होते.

"ह्या ताईंचं ऱ्हायलं की!" कुणीतरी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि पोटातून ओरडले, "बाबा!"

मागून कुजबुज आली, "कधी सुरू करायच्या त्या?"

"झालं तिचं," आई म्हणाली. "वडिलांवर गेलीय."