भासऱ्याची पाठ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आजारी माणसाचं करणं मी कुठं जाऊन शिकले नाही, ते घरातच अंगावर पडत गेलं. सासूचं केलं, मग नवऱ्याचं केलं. नवरा गेल्यावर वाटलं, आता सुटले. तेवढ्यात भासऱ्याला लकवा मारला.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्याला शिवायचं नाही आणि थेट बोलायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही एकाच घरात राहिलो आणि जे बोललो ते भिंतीला ऐकवून. पाणी हवं असलं की तो म्हणायचा, "कोनी हाये का घरात? पानी द्या म्हणावं." मी तांब्या दाराशी ठेवायची. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून तो आमच्याकडंच.

दवाखान्यातून त्याला नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी होती. बोलणं जड, पण कळत सगळं होतं. माझा मुलगा हिंगण्याला कंपनीत जातो. तो सकाळी त्याचं अंग पुसून, डायपर बदलून जायचा आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा करायचा. मधला सगळा दिवस माझा. मुलगा त्याला उशांना टेकवून जायचा, तसंच मी वरणभात भरवायची, डोक्यावर पदर, नजर वाटीत. गळ्याखालचं सगळं मुलाचं, हे कोणी न ठरवता ठरलं होतं.

लघवीची नळी बदलायला सिस्टर यायची, माझी नात शोभेल एवढी. उन्हाळ्यात एकदा तिनं त्याला कुशीवर वळवलं आणि मला हाक मारली. माकडहाडावर पेरूच्या फोडीएवढं लाल झालं होतं, मधली कातडी सोलली होती.

"यांची पाठ कोण पाहते आजी?"

"पोरगा. सकाळी अन् सांजच्याले."

"अन् दिवसभर?"

"दिवसभर मीच."

"मग वळवत काहून नाही?"

"भासरा हाये माहा."

"म्हणजे?"

तिला खरंच माहीत नव्हतं. सांगितल्यावर ती हसली नाही, एवढं बरं केलं. म्हणाली, "हे हाडापर्यंत गेलं ना आजी, तर पुन्हा भरती करावं लागते. या वयात तिथून परत येणं कठीण." भासऱ्यानं ते ऐकलं. पुन्हा दवाखान्यात टाकायचं नाही, हे त्यानं घरी येतानाच मुलाकडून कबूल करून घेतलं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले. इतके दिवस त्याला जळत असणारच. सांगितलं नाही. कोणाला सांगणार, भिंतीला?

मी हळद-तेल आणायला निघाले तर सिस्टरनं अडवलं. लावायचं नाही, चोळायचंही नाही, आतून आणखी बिघडतं. खाली घातलेल्या रेक्झिननं घाम धरला होता, ते तिनं काढून टाकायला लावलं. मग तिनं वळवायला शिकवलं. पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात कमरेवर, एक खांद्यामागं, आणि आपल्याकडं घ्यायचं. लुळा हात ओढायचा नाही. खालची चादर खेचायची नाही. पाठीमागं उशी, गुडघ्यांत उशी, टाचा अधांतरी. दर दोन तासांनी. लाल जागेवर बोट दाबून सोडायचं. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर सावरता येतं. दाबूनही लालच राहिली तर बिघडलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला आणि मी खाटेशी उभी राहिले.

"पोरगा आल्यावर करन म्हणावं," भासरा छताला म्हणाला.

"पोरगा सांजच्याले येते. कातडं तवरोक थांबत नाही म्हणावं," मी कूलरला म्हणाले.

"मले दुखत नाही म्हणावं."

"खोटं बोलू नका म्हणावं."

मी त्याचा गुडघा दुमडला. माणूस वाळला होता तरी जड होता. दोन्ही हात त्याच्या अंगाखाली गेले आणि पदर घसरला. सावरायला तिसरा हात कुठून आणू? राहू दिला. त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असेल तर बोलला नाही.

मग तेच रोज. वळवायचं, पुसायचं, कोरडं करायचं, सुरकुती काढायची, पट्टी लावायची. माझी कंबर गेली. यात पुण्य आहे म्हणून शेजारणी सांगून जायच्या, हात लावायला एक थांबली नाही. जखम हळूहळू भरत आली. सिस्टर म्हणाली, नवी कातडी नाजूक असते, आता सोडलं तर पुन्हा फुटेल. म्हणजे सुटका नाहीच.

एका दुपारी भांडी घासून टेकले आणि डोळा लागला. वळवायची वेळ टळून गेली.

"झोपली काय वं बाई? मागं जळून राहिलं. वळव मले."

भिंतीला नाही, मला म्हणाला.

"ओरडू नका. येऊन राहिली."

गुडघे धरत उठले. वळवलं, बोट दाबून पाहिलं. जागा पांढरी पडली, मग लाल झाली.

"कसं हाये?" त्यानं विचारलं.

"फुटलं नाही. पन जळलं की तेव्हाच सांगत जा. माही झोप पाहत बसू नका."

"बरं."

मी पुन्हा आडवी झाले. माझी झोप मोडली ती मोडलीच. तो मात्र लगेच घोरायला लागला.