आपलंच म्हणताना

सरितादीदी गेल्याचं दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मला सांगितलं. सिंगापूरमध्ये तिचं दुसरं कोणी नव्हतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच सकाळी ती माझ्याशी नेहमीसारखी भांडली होती... काही आठवडे झाले, पण ते भांडण मनात अजून चालूच आहे.

ती नेपाळची, माझ्याच विद्यापीठात पीएचडी करणारी. वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आमच्या खोल्या शेजारी होत्या. मी लातूरकडची, घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच. राहायला आले त्या दिवशी मी तिला कौतुकानं म्हणाले, "नेपाळ म्हणजे आपलंच की, दीदी. परदेश वाटतच नाही." ती भांडी विसळत होती. "तुम्हाला नाही वाटत. आम्हाला वाटतो." मग हसली. "घाबरू नकोस, डाळ तुझ्यासाठीही टाकलीय."

तिच्या अभ्यासाचा विषयही हाच होता, तिच्या देशाच्या राजकारणावरचा भारताचा प्रभाव. काठमांडूत सरकार बदललं की नवा पंतप्रधान आधी दिल्लीला जातो की नाही, यावर चहाच्या दुकानात पैजा लागतात म्हणे. एकदा भारताच्या सीमेवर ट्रक अडकले, गॅस संपला आणि तिच्या आईनं अंगणात चूल मांडली. ट्रक कुणी अडवले यावर अजून वाद आहे. आईला वादाला सवड नव्हती, ओली लाकडं फुंकायची होती. खिडकीतून खाडीपलीकडच्या, मलेशियातल्या जोहोरचे दिवे दिसायचे. ती म्हणायची, "या सिंगापूरवाल्यांनाही पाणी पलीकडून येतं. पण यांच्याकडे बंदर आहे. आमचा समुद्राचा रस्ता तुमच्या अंगणातून जातो." मी चिडायचे, "पण मी काय केलं, दीदी?"

"काहीच नाही. तुला काही करावंच लागत नाही."

 

ती गेल्यावर तिच्या आई दर शनिवारी मला फोन करू लागल्या. सरिताचा भाऊ मध्ये बसून त्यांचं नेपाळी मला हिंदीत आणि माझं हिंदी त्यांना नेपाळीत करून सांगायचा. एका शनिवारी तो घरी नव्हता. आई स्वतःच माझ्यासाठी हिंदीचे तुकडे जुळवू लागल्या. "बेटी... सरिता... अकेली..." आणि अडल्या. लेक शेवटी एकटी होती का, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि त्यासाठीही त्यांनाच माझ्या बाजूच्या भाषेत यावं लागत होतं. हिंदी तर माझ्याही घरची नाही. तरी दीदीची नि माझी सगळी भांडणं हिंदीतच झाली होती, आणि ते मला कधी खटकलंही नव्हतं. मी घाईनं "नहीं, नहीं" म्हणाले. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

मग मी भावाकडून एक नेपाळी वाक्य मागून घेतलं, आठवडाभर घोकलं. पुढच्या शनिवारी दीदीच्या खोलीत, तिच्या उघड्या गादीवर बसून फोन घेतला.

"आमा, म सँगै थिएँ." आई, मी जवळच होते.

 पलीकडून त्या बोलू लागल्या, भराभर, रडत, त्यांच्याच भाषेत. मला मधूनमधून फक्त सरिताचं नाव कळत होतं. हिंदीत सांगा, असं मी म्हटलं नाही. फोन कानाशी धरून ऐकत राहिले.