पुजारीबाबांचा बंब

लग्न होऊन मी कुर्डुवाडीहून सोलापुरात आले ती दिवाळीनंतर. सासरी माणसं दोनच. नवरा गिरणीत टाइमकीपर, आणि सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची, मी 'आई' म्हणायचे. माहेरी मी चार बहिणींत सगळ्यात उशिरा उठणारी होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नाताळाला चार आठवडे उरले होते. रविवारची उपासना आटोपून परत येताना आई म्हणाल्या, "उद्यापासून पाचला उठायचं बरं का."

"पाहुणे येणार आहेत?"

"पाहुणे कसले? शेजारी आहेत की."

हा त्यांचा दरसालचा नेम होता. नाताळ येईपर्यंत रोज पहाटे शेजाऱ्यांची कामं करायची. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तेही भरल्या ताटावरून उठून. मला पाय धुवायला कोण देणार? मी आपली पाणी भरते."

सोलापूरला थंडी पडते म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. त्यांनी एकदा डिसेंबरात पहाटे पाचला शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून बघावं. आमच्या उजव्या हाताला एक तेलुगू विणकर कुटुंब होतं. घरातली सून नुकतीच बाळंत झाली होती. तिच्या बाळाची दुपटी-लंगोट धुवायचं काम आईंनी स्वतःकडे घेतलं. गार पाण्यात हात घालून त्या वर स्तोत्र गुणगुणायच्या. ती सून दारात येऊन "नको अक्का, नको अक्का" म्हणायची आणि आणखी दोन दुपटी हळूच बादलीत टाकायची.

डाव्या हाताचं घर पुजारीबाबांचं. ते मूळचे मंद्रूपकडचे. गल्लीच्या टोकाच्या महादेवाची पूजा त्यांच्याकडे होती. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन मंद्रूपलाच. गुडघे इतके धरलेले, की बसले तर उठवेना आणि उठले तर बसवेना. त्यांची अडचण अशी, की पूजेच्या आंघोळीच्या पाण्याला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे, आमचा तर नाहीच. आई पहिल्या वर्षीच त्यांना सरळ विचारून आल्या होत्या, "मग आमचं काय चालेल ते सांगा."

बाबांनी विचार करून सांगितलं होतं, "इस्तवाला कुणाचा इटाळ न्हाय, बाई. लाकडं फोडा, बंब पेटवा. पानी मी भरतो."

बंब म्हणजे पाणी तापवायचं तांब्याचं भलंमोठं भांडं. मधून नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. बाबांचा बंब परसात असायचा. ते संध्याकाळी तांब्या-तांब्यानं तो भरून ठेवायचे, आणि पहाटे आम्ही तुरीच्या वाळक्या तुराट्या घालून पेटवायचो. त्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं. बाबांनी पहिल्या दिवशीच बजावलं, "झाकनाला हात लावू नको. पन पेटवायच्या आदी तुराटीनं बंबावर टिचकी मारायची. भरल्याला बद्द वाजतं, रिकाम्याला खणकन. रिकामा पेटवला तर डाख वितळंल."

डाख म्हणजे सांधे जोडलेले असतात तो धातू. तो वितळला की बंब गळायला लागतो.

दोन आठवडे मी इमानानं टिचकी मारली. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस थंडी फारच होती. मी चादर डोक्यावरून घेतलेली, हात आत. म्हटलं, रोज भरलेलाच असतो, आज काय वेगळं? काडी लावली, तुराट्या कोंबल्या आणि जाळासमोर शेकत बसले. जरा वेळानं तडतड असा आवाज आला आणि बंबाच्या बुडाशी चकचकीत थेंब गळून पडले. आधी मला वाटलं पाणीच आहे. मग जाळाच्या उजेडात बघितलं, तर ते फरशीवर थिजून बसलेले.

मी जाळ ओढून काढला आणि घरी पळाले.

"आई, बाबांच्या बंबाचा डाख वितळला."

"टिचकी मारली होतीस?"

"मारली होती की."

हे माझ्या तोंडून इतकं सहज गेलं, की माझी मीच चकित झाले. आईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा गाळायला घेतला. मग आमची सकाळची प्रार्थना झाली. आई रोजच्यासारखी एकेका शेजाऱ्यासाठी प्रार्थना करत होत्या. बाबांच्या गुडघ्यांपाशी आल्या तेव्हा मला पुढचं ऐकवेना. 'आमेन'च्या आधीच मी उठले आणि मागच्या दारानं बाबांच्या परसात गेले.

बाबा बंबासमोर उभे होते. आदल्या दिवशी मुलगी नातवंडांना घेऊन आली होती, त्या गडबडीत ते पाणी भरायचं विसरले होते.

"बाबा, मी टिचकी मारली नाही," मी म्हटलं. "हात चादरीतून बाहेर काढायचा कंटाळा आला. आणि घरी मी खोटं सांगितलं."

बाबांनी बंबावरून हात फिरवला. "माज्या बायकोनं मंद्रूपच्या बाजारातनं आनला हुता ह्यो. यष्टीत मांडीवर घिऊन बसली हुती, लेकरावानी."

मला रडू फुटलं. तेव्हा ते घाईघाईनं म्हणाले, "आगं, थांब की. मला तवाच कळलं हुतं. तुजी टिचकी मी रोज वाकळंत पडून ऐकतो. आज आली न्हाय, तवा आटवलं, पानी भरायचंच ऱ्हायलंय. मनात आलं, उटून सांगावं, बंब रिकामा हाय म्हून. पन वाकळ काय सोडवंना बग!"

मी डोळे पुसत त्यांच्याकडे बघितलं. ते खरोखरच ओशाळले होते. "म्हंजी तू एका चादरीत आनि मी एका वाकळंत," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. आवाज ऐकून त्यांची मुलगी बाहेर आली, आणि कुंपणापलीकडे आईंचं डोकं दिसलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. घरी गेल्यावर म्हणाल्या, "चहा गार झालाय तुझा. तापवून घे." त्या खोट्याबद्दल एवढंच.

ह्यांनी सायकलच्या कॅरियरला बांधून बंब तांबटाकडे नेला. त्याच्याकडे लग्नसराईची भांडी पडलेली, म्हणून आठ दिवस लागतील म्हणाला. बाबा गार पाण्यानं आंघोळ करायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे सुजले, आणि देवळापर्यंतची वीस पावलं चालताना ते दोनदा थांबले. आईंना राहवेना.

"बाबा, आमच्या बंबात पाणी आहे. तुमच्या नेमाच्या आड मी येत नाही, पण बघवत नाही हो."

बाबांनी भिंतीला धरून एकेक गुडघा चोळला. मग म्हणाले, "पूजंची आंगूळ मी गारच करनार. पन बाई, गुडघं शेकाया काय सवळं लागत न्हाय की."

त्या दिवसापासून पूजा आटोपून बाबा आमच्या मागच्या पायरीवर येऊन बसायचे. आई पाण्यात मीठ आणि निर्गुडीचा पाला टाकायच्या, आणि मी तांब्यानं त्यांच्या गुडघ्यांवर ओतायचे. पाणी पोटऱ्यांवरून पावलांवर उतरायचं. पहिल्या दिवशी त्यांना फार संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जरा कढत घाल की पोरी, लई बरं वाटतंय." चौथ्या दिवशी ते पायरीवर बसल्या-बसल्या डुलक्या घ्यायला लागले. मलाही सकाळी त्या पायरीची ओढ लागली होती. पाचला उठायचा कंटाळा कधी गेला, ते आठवत नाही.

बंब नवा डाख घेऊन, झळझळीत होऊन परत आला. बाबांनी तो जागेवर ठेवला आणि मला हाक मारली.

"आता टिचकीचा भरवसा न्हाय. झाकन उगडून, आत बघूनच पेटवत जा."

"झाकणाला हात लावू?"

"हात न लावता उगडंल कसं?" ते चिडल्यासारखं करून म्हणाले आणि फुलं तोडायला निघून गेले.

नाताळाच्या दिवशी विणकराची सून बाळाला घेऊन आली, आणि बाबांची नातवंडं आमच्या करंज्यांवर तुटून पडली. बाबा स्वतः पायरीवरच बसले आणि दोन केळी घेतली. त्यांनी आईंना विचारलं, "आज तुमच्या देवाचा जल्म न्हवं? मग पाळना म्हनत न्हाय का?"

"म्हणतो की, सकाळीच म्हटला चर्चमध्ये."

"आमी कुटं ऐकला?"

आईंनी ह्यांना पुढे केलं. माझ्या नवऱ्याचा आवाज नाताळ सोडून एरवी कुणी ऐकून घेत नसे. त्यांनी डोळे मिटून नाताळचं एक गीत पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. मध्ये बाळ रडलं, पण ते थांबले नाहीत. गाणं संपल्यावर बाबांनी हातातलं केळं बाजूला ठेवलं.

"आवाज गिरनीच्या भोंग्यावानी हाय," ते म्हणाले, "पन भाव हाय. आनि एक म्हना."