बाजेवरचं टपाल

सेनगावहून बदली होऊन मी औंढ्याच्या कार्यालयात रुजू झालो, तेव्हा सुशीलाताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं ते माझ्या हातातल्या पाकिटाकडे. त्यात बदलीचा आदेश होता आणि मी घाईत पाकिटाचं तोंड बोटाने फाडलं होतं. "पाकीट फाडायचं नसतं, उघडायचं असतं. आत कुणाचं तरी काम असतं," एवढंच म्हणून त्यांनी लाकडी पट्टी माझ्यापुढे सरकवली. त्या आवक-जावक शाखेच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा नवा लिपिक. पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली म्हणून मी आतून चांगलाच फुगलो होतो. आज ताईंना साठ वर्षं पूर्ण होत असताना लिहायला बसलो, तर आधी ती पट्टीच आठवली.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला गोड आठवणी मागितल्या आहेत. त्यांची क्षमा मागून सांगतो, हा लेख तसा होणार नाही. ताईंनी मनावर एक ओझं घेतलं आहे आणि ते उतरवल्याशिवाय मला त्यांचा गौरव करता येत नाही.

करोना आला तेव्हा सगळी कार्यालयं ओस पडली, पण टपाल थांबलं नाही. जिल्ह्यावरून आदेश येत होते, गावोगावचे अर्ज येत होते, औषधांची खोकी येत होती. कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हे सांगणारं कुणी नव्हतं. ताईंनी घरून एक बाज आणवली आणि कार्यालयामागच्या अंगणात टाकली. आलेलं सगळं टपाल आधी त्या बाजेवर पडायचं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर गोटे ठेवले जायचे आणि दिवसभर ऊन खाऊन झाल्यावरच ते आत यायचं. देणाऱ्याने अंगणातच ठेवायचं, घेणाऱ्याने लांब उभं राहायचं. हळदीकुंकू लावलेली लग्नपत्रिका आली तरी तिलाही सूट नव्हती. एकदा मोठे साहेब चिडले. तातडीचं पत्र उन्हात वाळत घालणारं कार्यालय त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पत्र तातडीचं आहे, बराबर आहे. पण घरी तुमची लेकरं वाट बघून राहिलीत ना?" साहेब परत खुर्चीत जाऊन बसले.

बाजेची राखण लिंबाजीमामांकडे होती. मामा आमचे शिपाई, जवळा बाजारच्या बाजूला असलेल्या तांड्यावरचे. त्यांची एक जुनी खोड होती. पाकिटं मोजताना अंगठा जिभेला लावायचे. खरं तर आम्हा सगळ्यांचीच ती खोड होती, आणि हे काम करणाऱ्या कुणाचीही असते. ताईंनी टेबलावर ओला स्पंज ठेवून पाहिला, रागावून पाहिलं, पण अंगठा आपला जिभेकडेच जायचा. मग रोज सकाळी त्या कडुलिंबाचा पाला वाटून आणू लागल्या आणि अंगणातच प्रत्येकाच्या अंगठ्याला चोळू लागल्या. साहेबांनाही सोडलं नाही. मामा खो खो हसायचे. "ताई, मी काय अंगावरचं लेकरू हाय का, दूध तोडायला?" म्हणायचे आणि निमूट अंगठा पुढे करायचे. त्या वाईट दिवसांत आम्ही मनापासून हसलो ते एवढंच.

पहिल्या लाटेत माझ्या घरी आम्ही सगळे तापाने पडलो, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी दार उघडणंसुद्धा बंद केलं होतं. ताई मात्र रोज फाटकावर पिठलं-भाकरीचा डबा ठेवायच्या आणि मी तो उचलेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभ्या राहायच्या. विचारपूससुद्धा त्या डोळ्यांनीच करायच्या.

आता त्या खोक्याविषयी. दुसरी लाट जोरात असताना हिंगोलीहून गाडी आली आणि सॅनिटायझरचं एक जड खोकं रस्त्यावरच उतरवून निघून गेली. मामांनी ते खांद्यावर घेतलं, गालाला टेकवून आणलं आणि सवयीने बाजेकडे वळले. ताई म्हणाल्या, "मामा, थेट आत आणा. औषधालाच काय ऊन दाखवायचं?" ते एकच खोकं बाजेवर न पडता आत आलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मामांना धाप लागली. हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं, पण मामा परत आले नाहीत. कुणाला शेवटचं तोंडही पाहता आलं नाही.

त्या खोक्यानेच मामा गेले असं धरून ताईंनी ते स्वतःवर घेतलं. कार्यालयातली बाज उठली, पण ताईंच्या अंगणात आली. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी आम्ही घरी जाऊन शाल दिली, ती त्यांनी हातात घेतली नाही. बाजेकडे बोट करून "तिथं ठेवा," एवढंच म्हणाल्या. मुलाने पुण्याहून पाठवलेली साडी उन्हात राहून एका बाजूने विटली. कागदापेक्षा बंद खोलीतल्या श्वासातून हा आजार जास्त पसरतो, असं डॉक्टर मंडळी पुढे सांगू लागली. तेही आम्ही त्यांना सांगून पाहिलं. "माझं मन राखायला बोलून राहिलात तुम्ही," हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

या ग्रंथासाठी मामांचा फोटो मागायला मी तांड्यावर गेलो. मामांच्या पत्नी यमुनाबाई दारातच भेटल्या. ताईंचं हे सगळं मी त्यांना सांगितलं.

"ताईनं काहून असं जिवाला लावून घेतलं?" त्या म्हणाल्या. "खोकं यायच्या आधीच आमच्या घरात ताप व्हता, दादा. आधी सुनेला आला, मंग मला. यायनं कुनाला सांगितलं न्हाई, लोकं वाळीत टाकतील म्हून. तसेच कामाला येत राहिले. आमी लपवलं, अन् माय, भोगून राहिली ताई."

घरात ताप असलेले मामा दिवसचे दिवस आमच्याकडे येत होते. तरी आम्ही वाचलो, कारण बाजेपाशी, उघड्या अंगणात, आमच्यापासून लांब बसायचं हेच त्यांचं काम होतं. ताई, तुमच्या उन्हाने कागद किती शुद्ध झाला कोण जाणे. पण त्या बाजेने मामांना आणि आम्हाला एका खोलीत बसू दिलं नाही. आज या ग्रंथात लिहायला आम्ही जिवंत आहोत, ते त्यामुळे.

हे मी तोंडी सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा मन राखल्याचा आरोप केला असता. म्हणून यमुनाबाईंच्या परवानगीने सगळ्यांसमोर लिहीत आहे. मामा गेल्याचं दुःख यातून कमी होणार नाही, माझंही झालेलं नाही. पण ते तुमच्या हातून गेले नाहीत.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, आणि ते निरोगी तर असोच, पण हलकंही असो. हा ग्रंथ टपालाने पाठवायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. तो घेऊन यमुनाबाई स्वतः तुमच्या दारी येणार आहेत. त्यांना बाज दाखवू नका. हात पुढे करा.