जुनी फिल्म आणलीत का?

पित्ताचा खडा असेल म्हणून सोनोग्राफी केली, आणि डाव्या किडनीत पाण्याची पिशवी निघाली. घ्या! सीटी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, या पिशव्यांच्या पायऱ्या असतात. खालच्या पायरीवरच्यांकडं ढुंकूनही पाहायचं नाही. वरच्यांत कॅन्सरची शंका, तिथं ऑपरेशन. तुमची मधली, दोन-एफ. आत बारीक पडदे आहेत. काढायची नाही आणि विसरायचीही नाही. दरवर्षी फोटो काढायचा आणि जुन्याशी ताडून पाहायचा.

"म्हणजे मले लटकतच ठेवलं म्हणा की," मी चिडून म्हणालो.

बायको शेजारीच बसली होती. ती स्वतः दम्याची जुनी पेशंट. घरी आल्यावर तिनं माझी फिल्म आपल्या कागदांच्या थैलीत सरकवली. "इथीच राहू द्या. तुमच्या हातात राहिली तं हरवलीच समजा."

उन्हाळ्यात ती गेली. आमच्याकडं माणूस गेला की त्याचं अंथरूण, औषधं, दवाखान्याचे कागद घरात ठेवत नाहीत. दुखणं मागं राहतं म्हणतात. मोठ्या भावानं सगळं गोळा करून वर्धा नदीवर नेलं, थैलीसुद्धा. मी ओट्यावर बसून बघत होतो. त्या थैलीत माझंही काही आहे, हे डोक्यातच आलं नाही. तेव्हा डोकं होतंच कुठं!

वर्ष भरलं. आठवण करून देणारं कोणी नव्हतं, तरी गेलो. घुग्घुसहून चंद्रपूरची बस कोळशाच्या ट्रकांमागं रखडत चालली होती. सीटीच्या खोलीत सुई टोचणाऱ्या बाईनं विचारलं, "बाबा, सोबत कोन आहे?"

"कोनी नाई."

"मंग सही कोन करन?"

मीच केली.

"जुनी फिल्म आणलीत का?" डॉक्टरांनी विचारलं. झालं ते सांगितलं. जिथं ती काढली होती ते सेंटरही मधल्या काळात बंद पडलेलं. डॉक्टरांनी आजची फिल्म उजेडावर धरली. पडदे बारीकच आहेत, म्हणाले, पायरी तीच वाटते. पण मागच्यापेक्षा वाढलेत की तेवढेच आहेत, ते सांगता येत नाही.

"म्हणजे वर्ष वाया गेलं?"

"आजची पहिली समजू. सहा महिन्यांनी या."

असा राग आला! डॉक्टरांचा नाही, भावाचाही नाही. तिचाच आला. सगळं आपल्याजवळ ठेवायची खोड, आणि जाताना माझंही घेऊन गेली. डोळे भरून आले तसा मी भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागलो.

डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घालून माझ्या हातात दिली. "नीट जपा हं काका. स्वतःजवळ नका ठेवू, घरी कोणाजवळ तरी देऊन ठेवा."

हो म्हणालो. बाहेर आलो, पाकीट काखेत धरलं आणि फाटकाशीच उभा राहिलो. कोणाजवळ द्यावं, काही सुचेना.