फरशीची रेघ

आमच्या घरात माझ्या उजव्या पायाची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी बाकीच्या माझी कधीच घेतली गेली नाही.

ऐंशीच्या दशकात ठाण्यात मुलीनं फुटबॉल खेळणं म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप. मी कॉलेजच्या संघात होते. एका मॅचमध्ये समोरची मुलगी आणि मी बॉलवर एकदमच घुसलो आणि माझी नडगी मोडली. मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. बघायला आलेल्या आत्यानं पिशवी खाली ठेवण्याआधीच विचारलं, "आता हिचं कसं व्हायचं?" मला वाटलं, खेळाचं विचारतेय. इतकी मी बावळट.

तीन महिन्यांनी प्लास्टर कापलं, तेव्हा आतून शेवग्याच्या शेंगेसारखा पाय निघाला. पाऊल बाहेरच्या बाजूला पडायचं, मी लंगडायचे. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले आणि म्हणाले, "मेहनत घेतलीस तर खेळशीलसुद्धा." त्या एका वाक्यावर मी पुढचे पाच महिने काढले.

आईनं माझ्याहून जास्त मेहनत घेतली, खोटं कशाला बोलू? बाबांची जुनी पँट कापून तिनं वाळूची पिशवी शिवली. ती घोट्याला बांधून मी पाय उचलायचा आणि पोळ्या लाटता लाटता तिनं आकडे मोजायचे. संध्याकाळी वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत फरशांच्या मधल्या रेघेवरून चालायचं, बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. पाऊल रेघेबाहेर गेलं की आई ओरडायची, "अगं सरळ! पुन्हा पहिल्यापासून." मी रडायचे, मनातल्या मनात शिव्या द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून चालायचे. बॉल बाहेर काढला की मात्र म्हणायची, "आधी नीट चाल, मग बघू." मला वाटायचं, जगात कुणी नाही तरी आई माझ्या बाजूची आहे.

आठव्या महिन्यात मी मैदानावर उतरले. सरांनी सरावाच्या मॅचमध्ये शेवटची वीस मिनिटं खेळवलं. सुरुवातीला कुणी जवळ आलं तरी मी पाय आखडून घेत होते. मग एक मुलगी सरळ अंगावर आली. मी पडले, उठले, पायाला काहीही झालं नव्हतं. त्यानंतर मी जी धावलेय! सर म्हणाले, "रविवारी सकाळी जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. यायचं." घरी येऊन सांगितलं तर आईचा चेहरा फुलला. "धावलीस? अजिबात न लंगडता?" तिनं हे दोनदा विचारलं. निवडीबद्दल एकदाही नाही.

रविवारी मी बूट पुसत बसले होते, तर आईनं समोर साडी आणून ठेवली. डोंबिवलीहून पाहुणे येणार होते, मला बघायला. जेवढं भांडता येतं तेवढं मी भांडले. बाबा पेपरमागून म्हणाले, "अगं, तासाभराचा तर प्रश्न आहे." आई हळूच म्हणाली, "आणि पायाचं काही बोलू नकोस."

पोहे झाले. मुलगा मानपाड्याकडच्या कुठल्याशा कारखान्यात नोकरीला होता आणि सगळा वेळ रिकाम्या बशीकडे बघत होता. मग त्याची आई गोड आवाजात म्हणाली, "बाळ, जरा आतून पाणी आण ना गं." भरलेला तांब्या तिच्या पुढ्यातच होता. कुणीतरी तिच्या कानावर घातलेलं असणार.

मी उठले. समोर तीच रेघ. दोन पावलं लंगडले असते की विषय संपला असता, पाहुणे चहा पिऊन गेले असते आणि मी रिक्षा पकडून मैदान गाठलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. लंगडायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ती बाई साडीच्या काठाखाली नजर लावून बसली होती, पाय मोडका आहे का ते बघत, आणि माझं डोकं फिरलं. आठ महिने ज्याच्यापायी घालवले, तो पाय हिच्यासमोर मोडका म्हणून दाखवू? मी रेघेवरून सरळ गेले, पेला भरला, सरळ परत आले. पाण्याचा थेंब सांडला नाही. आईनं डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळच्या आत होकार आला. निवड माझ्याशिवाय झाली, दोन महिन्यांत लग्न झालं, बूट आईनं कुणाला तरी देऊन टाकले. सासूबाई पुढे कित्येक वर्षं चारचौघांत सांगायच्या, "आम्ही बाई चाल बघून सून आणली."

खूप वर्षांनी एकदा मी आईला विचारलं, "तू मला खेळण्यासाठी चालवत होतीस, की त्या लोकांसाठी?"

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चालतेस ना नीट? मग?"

तिच्यावरचा राग तिच्याबरोबर गेला. तिनं तिचं काम चोख केलं, आणि लपवलंही काही नव्हतं. मीच ऐकलं नाही. राग येतो तो माझा मला. पाच महिने मरमर करून सरळ चालायला शिकले आणि नेमकं त्या दिवशी, फक्त दोन पावलं, मला लंगडता आलं नाही.