जखम भरणाऱ्या पेशी

माझी सून प्रयोगशाळेत काम करते. परवा तिनं मला तिथल्या मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. गुलाबी पाण्यात लांबट पेशी होत्या, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेल्या गवतासारख्या. रक्तवाहिनीच्या स्नायूच्या पेशी, ती म्हणाली, आणि ते गुलाबी पाणी म्हणजे त्यांचं खाणं. अशाच पेशी वाढून वाढून माझ्या बायकोच्या हृदयाच्या नळीत बसवलेली स्प्रिंग बुजली, आणि बायको गेली.

"मग ह्यांना खाऊपिऊ कशाला घालतेस?" मी विचारलं.

"वाढतात कशा ते कळल्याशिवाय थांबवणार कशा, बाबा? स्प्रिंग बसवताना नळीला आतून खरचटतं. ह्या जखम भरायला धावतात. थांबायचं तेवढं त्यांना कळत नाही."

मी परत डोळा लावला. दुष्ट असं काही दिसेना. आमची हीसुद्धा अशीच, पाहुणा पोट भरलं म्हणाला तरी ताटात भाकरी टाकतच राहायची. आता राग धरायचा तरी कुणावर? डॉक्टरनं त्याचं काम केलं, ह्यांनी ह्यांचं केलं, आणि माझं घर रिकामं झालं.

"औषध सापडेल का गं?"

"सापडेल, बाबा. पण वेळ लागेल."

"लागू दे," मी म्हटलं. "मला आता कसली घाई."